राजीनामा नंतर मागा, आधी दंडाची पावती मागा!



८ एप्रिल २०२० या तारखेचे एक पत्र आपण पाचगणीकरांनी विसरता कामा नये. देशात टाळेबंदी लागून दोन आठवडे झाले होते. जिल्ह्यांच्या हद्दी बंद होत्या. त्या दिवशी राज्याच्या गृह विभागाचे तेव्हाचे प्रधान सचिव (विशेष) अमिताभ गुप्ता यांच्या सहीचे पत्र सरकारी लेटरहेडवर निघाले. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचे कपिल आणि धीरज वाधवान व त्यांच्यासोबतची मंडळी गुप्ता यांच्या परिचयाची आहेत, कौटुंबिक निकडीमुळे त्यांना खंडाळ्याहून महाबळेश्वरला जायचे आहे, तरी सहकार्य व्हावे, असा त्याचा आशय होता. सोबत गाड्यांचे नंबर दिले होते. पाच गाड्या आणि तेवीस माणसे एका कागदावर जिल्ह्याची बंद हद्द ओलांडून डोंगरावर आली. येस बँक प्रकरणात केंद्रीय तपास यंत्रणांना हवे असलेले वाधवान बंधू त्यांत होते.

दुसऱ्या दिवशी हे सगळे महाबळेश्वरात सापडले. गुन्हा दाखल झाला आणि विलगीकरणासाठी त्यांना कुठे आणले, तर आपल्या पाचगणीत. २६ एप्रिलला सीबीआयने दोघा भावांना ताब्यात घेतले.

त्या एप्रिलमध्ये आपण काय करत होतो ते आठवा. स्ट्रॉबेरीचा हंगाम हातातोंडाशी आलेला आणि माल मुंबईला जायला वाट नाही. शाळांची वसतिगृहे रिकामी झालेली. टेबल लँडवर घोडा फिरवणाऱ्याला आणि टॅक्सी चालवणाऱ्याला ऐन सीझन घरात बसून काढावा लागला. वाईला दवाखान्यात जायचे तरी पसरणी घाट उतरण्याआधी पासाची चौकशी. आपण हे सोसले, कारण साथ मोठी होती आणि नियम सगळ्यांना सारखा आहे, असे आपल्याला सांगितले गेले होते. आपला राग वाधवानांच्या पैशावर नव्हता. सगळ्यांना सारखा म्हणून सांगितलेला नियम एका ओळखीच्या पत्राने वाकला, याचा तो राग होता, आणि तो रास्त होता.

त्या रागाचे पुढे काय झाले?

पत्र बाहेर आले आणि त्याच रात्री तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी गुप्ता यांना सक्तीच्या रजेवर पाठवल्याचे जाहीर केले. हे झाले ते लोकांनी आणि पत्रकारांनी आवाज उठवला म्हणून. त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण दुसऱ्या दिवसापासून चर्चेचे रूळ बदलले. वरच्यांच्या आशीर्वादाशिवाय असे पत्र निघते का, असे विरोधकांनी विचारले आणि गृहमंत्र्यांच्या राजीनाम्याची मागणी सुरू झाली. सत्ताधारी म्हणाले, कारवाई केली आहे, राजकारण करू नका. वाहिन्यांवर दोन्ही बाजूंचे प्रवक्ते एकमेकांवर ओरडले. मग दुसरी बातमी आली आणि ही मागे पडली. चौकशी झाली, अधिकारी सेवेत परतले आणि सप्टेंबर २०२० मध्ये पुण्याचे पोलीस आयुक्त झाले. असे पत्र पुन्हा निघू नये म्हणून कोणता नियम बदलला? टाळेबंदीत सूट देणारी आणखी किती पत्रे निघाली? महाबळेश्वरला नोंदवलेल्या गुन्ह्याची सुनावणी कुठवर आली? हे प्रश्न कोणत्या वाहिनीने मे महिन्यात लावून धरले? आणि आपण तरी कोणाला विचारले?

बड्या माणसाने लहान नियम मोडला की आपल्याकडे दरवेळी हेच घडते. पहिल्या दिवशी फोटो, दुसऱ्या दिवशी राजीनाम्याची मागणी, तिसऱ्या दिवशी पक्षाची सारवासारव, चौथ्या दिवशी शांतता. मास्क न लावल्याबद्दल किंवा पन्नासऐवजी पाचशे माणसे जमवल्याबद्दल राजीनामा कोणी देत नाही, हे मागणाऱ्यालाही माहीत असते आणि नाकारणाऱ्यालाही. ती मागणी नाकारणे सोपे जाते, कारण ती प्रमाणाबाहेर असते. तिच्या गोंगाटात खरी, कायद्यात लिहिलेली, सहज देता येण्याजोगी शिक्षा बुडून जाते. तिथेच पाचशे-हजाराची पावती फाडा, असे कोणी म्हणत नाही. मोठी शिक्षा मिळत नाही आणि लहान शिक्षा मागायचीच राहून जाते. राजीनाम्याच्या गर्जनेने नियम मोडणाऱ्याला सोडवले जाते, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

आपला तो बाब्या

फेब्रुवारी २०२१ चा एकच आठवडा घ्या. २१ तारखेला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्याला उद्देशून बोलताना वाढत्या रुग्णांचा इशारा दिला आणि गर्दीच्या कार्यक्रमांवर बंदी जाहीर केली. त्याच दिवशी पुण्यात भाजपचे नेते, तेव्हा माजी खासदार असलेले धनंजय महाडिक यांच्या मुलाच्या लग्नाला मोठी गर्दी झाली. वेगवेगळ्या पक्षांचे नेते तिथे होते. गुन्हा नोंदवला गेला. दोनच दिवसांनी, २३ तारखेला, शिवसेनेचे तेव्हाचे मंत्री संजय राठोड पोहरादेवीला गेले आणि हजारोंची गर्दी उसळली. तिथेही गुन्हे नोंदवले गेले.

दोन्हीकडे नियम एकच होता आणि तो मोडला गेला तोही एकाच आठवड्यात. पण पोहरादेवीवर सर्वांत मोठ्याने कोण बोलले? भाजपचे लोक. लग्नावर कोण बोलले? त्यांचे विरोधक. त्याआधी एप्रिल २०२० मध्ये, वाधवानांच्या पत्राच्या तीनच दिवस आधी, आर्वीचे तेव्हाचे भाजप आमदार दादाराव केचे यांच्या वाढदिवशी धान्य घ्यायला लोकांची झुंबड उडाली होती. तेव्हाही असेच झाले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण घराघरांत ठीक आहे. सार्वजनिक आरोग्याचा नियम तिच्यावर चालवला तर नियम राहत नाही, फक्त पक्ष राहतात.

आणि यात आपण प्रेक्षक नव्हतो. आपल्या मोबाइलमधून कोणते फोटो पुढे गेले आणि कोणते गेले नाहीत, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे.

डोंगरावरच्याच दुसऱ्या गावाची गोष्ट

नॉर्वेत गाइलो नावाचे डोंगरातले पर्यटनाचे गाव आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये देशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान एर्ना सोलबर्ग साठीच्या वाढदिवसासाठी कुटुंबासह तिथे गेल्या. तेव्हाच्या नियमाप्रमाणे कार्यक्रमाला दहापेक्षा जास्त माणसे चालत नव्हती. हॉटेलातल्या जेवणाला तेरा जण जमले. स्वतः सोलबर्ग त्या रात्री डोळ्याच्या त्रासामुळे दवाखान्यात होत्या, जेवणाला नव्हत्याच. तरीही कार्यक्रम त्यांनी ठरवला म्हणून पोलिसांनी ९ एप्रिलला त्यांना वीस हजार क्रोनर दंड केला आणि पत्रकार परिषद घेऊन तो जाहीर केला. सोलबर्ग यांनी देशाची माफी मागितली आणि दंड मान्य केला. त्यांचे सरकार त्या दंडाने पडले नाही. सप्टेंबरच्या निवडणुकीपर्यंत त्या पदावर राहिल्या आणि मग काय तो निर्णय मतदारांनी घेतला. आम्ही मागतो ती रीत हीच: चुकीला बेतलेला दंड, तो पोलिसांनी जाहीर केलेला आणि नेत्याने निमूट मान्य केलेला.

ब्रिटनमध्ये जानेवारी २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक चालत्या गाडीत सीटबेल्ट न लावता चित्रफितीत दिसले. दोन दिवसांत लँकशायर पोलिसांचा दंड त्यांच्या नावे लागला. आपल्याकडेही हे अशक्य नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल आपल्या गाडीलाही दंड झाला आणि तो भरला, असे नितीन गडकरी यांनी २०१९ मध्ये केंद्रीय मंत्री असताना जाहीरपणे सांगितले. त्यामुळे त्यांचा मान कमी झाला नाही. उलट, कॅमेऱ्याने मंत्र्याची गाडी ओळखली नाही, याचा लोकांना आनंद झाला.

"एवढ्या-तेवढ्यावरून कशाला?"

हा प्रश्न आपल्याला विचारला जाईल. त्याचे उत्तर सरळ आहे. मोठे गुन्हे कोर्टात चालतात, तिथे वकील असतात, वर्षे जातात. लहान नियम रस्त्यावर चालतात. हेल्मेट, पार्किंग, रात्री दहानंतरचा लाउडस्पीकर, परवानगीविना लावलेला फ्लेक्स, प्लास्टिकची पिशवी: सामान्य माणसाची आणि सत्तेची गाठ रोज पडते ती इथेच. पाचगणीकरांना हे वेगळे सांगायला नको. २००१ पासून आपला परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. इथे घराला एक खोली वाढवायची तर माणसाचे जोडे झिजतात. आपण हे नियम पाळतो, कारण हा डोंगर राहिला तरच आपण राहू. पण शेजारच्या प्लॉटवर कोणाच्या तरी फोनने काम उभे राहिले, की पाळणारा माणूस स्वतःलाच मूर्ख समजू लागतो. लहान नियम मोडल्याचे खरे नुकसान हे आहे.

आणि नाक्यावरच्या माणसाचा विचार करा. रात्रीची वेळ, दांडेघरचा नाका, थंडी. समोर काळ्या काचांची गाडी थांबते. काच चार बोटे खाली येते, आतून एक कागद किंवा चालू फोन बाहेर येतो, "साहेबांशी बोला." त्या शिपायाने गाडी सोडली तर उद्या चौकशीत त्याचे नाव येणार, अडवली तर बदली कुठे होईल ते त्याला माहीत. त्याच्या मागे कोणीही उभे नाही. वाहिन्या नेत्याच्या मागे धावतात, पक्ष आपल्या नेत्यासाठी धावतो. ज्याने नियम राबवायचा त्याच्यासाठी कोणी धावत नाही. तो निर्भय झाला तर पत्राची किंमत आपोआप शून्य होईल.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. प्रत्येक चूक म्हणजे माज नव्हे. भाषण करताना मास्क हनुवटीवर आलेला नेता आणि बंद हद्दीतून ओळखीच्यांना सोडण्यासाठी पत्र देणारा अधिकारी, यांना एकाच मापाने मोजणे अन्याय आहे. पहिल्याला दंड पुरे. दुसऱ्या प्रकारात पदाचा वापर होतो, म्हणून तिथे चौकशी, तिचा जाहीर अहवाल आणि जबाबदारी हवीच. हा भेद माध्यमांनी केला नाही, तर लोक दोन्हींना कंटाळतात आणि त्या कंटाळ्याचा फायदा माजोरड्यालाच होतो.

२०२२ मध्ये राज्य सरकारने टाळेबंदीतले भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ चे (सरकारी आदेश मोडल्याचे) गुन्हे मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. विद्यार्थी आणि गरीब माणसे कोर्टाच्या फेऱ्यांतून सुटली, हे योग्यच झाले. पण ज्यांनी तेव्हा रस्त्यावर रोख दंड भरला, त्यांचे पैसे गेले ते गेलेच. म्हणूनच हिशेब जागच्या जागी आणि सगळ्यांकडून व्हायला हवा.

आमच्या मागण्या

१. मंत्री, आमदार, खासदार, नगरसेवक किंवा अधिकारी यांनी नियम मोडल्याचे उघड झाल्यास संबंधित कार्यालयाने आठ दिवसांत दंडाची पावती जाहीर करावी. दंड लागू होत नसेल तर का होत नाही, ते लेखी सांगावे.

२. नियमातून सूट देणारे प्रत्येक पत्र, परवाना आणि सवलत कोणी, कोणाला आणि कशासाठी दिली, याची यादी नगरपरिषदेच्या आणि पोलीस ठाण्याच्या फलकावर दर महिन्याला लावावी. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ प्रमाणे सवलती आणि परवाने मिळालेल्यांचा तपशील कोणी न मागता प्रसिद्ध करणे हे प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाचे कर्तव्यच आहे. आम्ही नवे काही मागत नाही.

३. नियम राबवला म्हणून कोणत्याही शिपायाची किंवा नगरपरिषद कर्मचाऱ्याची बदली होणार नाही, अशी हमी सर्व पक्षांच्या स्थानिक नेत्यांनी लेखी द्यावी.

४. पत्रकार बंधू-भगिनींना विनंती: पहिल्या दिवशी जेवढी जागा फोटोला देता, तेवढी महिन्याभराने "पुढे काय झाले" या बातमीला द्या.

आणि आपण?

पुढच्या वेळी असा फोटो आला की पुढे ढकलण्याआधी स्वतःला विचारा: हा माझ्या पक्षाचा असता तरी मी पाठवला असता का? उत्तर "हो" असेल तरच पाठवा आणि सोबत एकच ओळ लिहा: "पावती कुठे आहे?" मग घोषणा देऊन घरी जाऊ नका. दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्ज लिहायला अडचण असेल, तर ज्याला लिहिता येतो त्याच्याकडून लिहून घ्या, पण द्या.

मते मागायला जो दारात येईल, त्याला चहा द्या आणि वरची तिसरी मागणी त्याच्यासमोर ठेवा. सही केली तर त्याचे पुढचे बोलणे ऐका. सही केली नाही, तर तो कोणत्याही पक्षाचा असो, कितीही जवळचा असो, त्याला मत देऊ नका.

आपले,
पाचगणीतील काही मतदार

(वाचून झाल्यावर हे पत्रक शेजाऱ्याला द्या.)