घरातली दखनी आणि दप्तरातली उर्दू

अमेरिकेत दरवर्षी 15 सप्टेंबरपासून महिनाभर लॅटिनो वारशाचा उत्सव चालतो. 1968 साली अध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात तो आठवड्याचा होता. 1988 साली त्याचा महिना झाला. ग्वाटेमाला, होंडुरास आदी पाच मध्य अमेरिकी देशांचा स्वातंत्र्यदिन म्हणून ही तारीख निवडली गेली. दोनच दिवसांनी, 17 सप्टेंबरला, छत्रपती संभाजीनगरात मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे ध्वजवंदन होते. तारखांची ही जवळीक निव्वळ योगायोगाची. प्रश्न मात्र दोहींकडे एकच आहे. ज्यांची बोली आणि अन्न शेजाऱ्याच्या नित्याच्या जगण्यात मुरले आहे, त्यांना आपले म्हणावयाचे की नाही?

2020 च्या जनगणनेत अमेरिकेतील लॅटिनोंची संख्या सहा कोटी वीस लाखांवर गेली. म्हणजे दर पाचांत जवळजवळ एक. टाको आता तेथे कोणाला परका वाटत नाही. तरीही 1 मार्च 2025 रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजी हीच राजभाषा असल्याचा आदेश काढला. ताटातले चालते, तोंडातले चालत नाही! वास्तविक 1848 च्या तहाने कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको हे प्रदेश अमेरिकेकडे गेले तेव्हा तेथील स्पॅनिश भाषक जागचे हललेही नव्हते. हलली ती सरहद्द.

आमच्या शहराची कथा याच्या बरोबर उलटी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. येथे उर्दू ही जितांची नव्हे, सत्तेची भाषा होती. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. बहुसंख्य प्रजेची मराठी मात्र दाराबाहेर उभी. त्या अन्यायाची आठवण मराठवाड्याने ठेवली यात गैर काही नाही. परंतु निजामाच्या दप्तरातली उर्दू वेगळी आणि शहागंजात भाजीचा भाव करणारी दखनी वेगळी. दखनीतला 'नक्को' आणि 'अभीच'मधला 'च' हे मराठीचेच देणे होय. याच बोलीचे संस्कार घेऊन वली 1700 च्या सुमारास दिल्लीस गेला आणि फारसीत रमलेल्या तेथील कवींना लोकभाषेत काव्य करण्याचा धीर आला. (अहमदाबादेतील त्याची कबर 2002 साली जमीनदोस्त करण्यात आली, हाही त्याच वारशाच्या इतिहासाचा भाग.) त्याही पूर्वी पैठणच्या एकनाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला, त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. नान-कलिया व हिमरू यांचा उल्लेख पर्यटनाच्या पत्रकांत हमखास असतो. मागावर बसणाऱ्याचा मात्र क्वचितच.

2023 साली शहराचे नाव बदलले. नावाचा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. पण त्याच वर्षी एक अशी गोष्ट घडली की तिचा विचार दोन्ही बाजूंनी करावा. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि तहसिलींतली निजामकालीन दप्तरे उघडली गेली. नोंदी मोडीत, तशाच उर्दूत. पुढे 2 सप्टेंबर 2025 च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला. ज्या लिपीला आपण परकी समजून शाळेबाहेर ठेवली, तिच्याच जाणकाराच्या शेजारी बसून शेतकऱ्याला आपला पणजा कोण होता हे विचारावे लागले. स्वतःची ओळख सिद्ध करण्याची वेळ आली तेव्हा आधाराला शेजाऱ्याची लिपी होती.

तेव्हा उत्सव करावयाचाच, तर त्याची सुरुवात अभिलेखागारापासून करावी. खासरा आणि मुंतखब वाचू शकणारे किती कर्मचारी मराठवाड्याच्या जिल्ह्यांत आहेत, याची मोजदाद महसूल खात्याने करावी. मोडीचे वर्ग विद्यापीठे व संस्था अधूनमधून घेतात. त्यांच्या जोडीला जुन्या दप्तरी उर्दूचा वर्ग सुरू करावयास मोठा खर्च येणार नाही. आणि त्या वर्गात मराठी मुले बसली, तर त्यांना पहिल्याच दिवशी निम्मे शब्द ओळखीचे वाटतील: तहसील, दप्तर, जमीन, वारस, हक्क.