काच खाली झाली नाही

संपादकांनी यंदा ‘सर, काहीतरी हलकेफुलके द्या’ असे कळवले होते. मास्तरकीत जन्म घालवलेल्या माणसाला हलके लिहिता येत नाही, हे त्यांना एव्हाना कळायला हवे होते. त्यातून मनात एक गोष्ट काही वर्षे सलते आहे, आणि तिच्यात माझाही दोष असल्यामुळे ती सहजासहजी निघत नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी एका दुकानाच्या उद्घाटनाला एक नामांकित क्रिकेटपटू यायचा होता. त्याचे नाव लिहीत नाही. लिहून त्याचे काही बिघडणार नाही आणि आमचे काही साधणार नाही. स्वागत समितीचे पत्र शाळेत आले : दोनशे विद्यार्थी गणवेशात पाठवावेत. मी पाठवले. फेब्रुवारीअखेरचे ऊन म्हणजे काय, हे बीदर-कलबुर्गीकडच्या माणसाला सांगायला नको. अकरापासून मुले रस्त्याच्या दुतर्फा उभी. पावणेदोनला गाड्या आल्या. फीत कापली गेली, देणगीदारांबरोबर छायाचित्रे झाली, आणि पंधरा मिनिटांच्या आत पाहुणा पुन्हा गाडीत.

नववीतला एक मुलगा होता. वडील अडतीवर हमाल. तुरी निघाल्या की मोकळ्या रानात हा डाव्या हाताने चेंडू टाकत बसायचा. त्याने वहीच्या पानावर एक प्रश्न लिहून आणला होता : चेंडू आत आणताना मनगट कसे ठेवायचे? पानाच्या एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये. पाहुण्याला नेमके काय वाचता येईल याची खात्री नव्हती, म्हणून खाली इंग्रजीतही लिहून घेतला होता. समोरच्याची भाषा आधी विचारात घ्यायची, हा आपल्या सीमाभागातल्या लेकरांचा संस्कार. मुलगा गर्दीतून घुसून गाडीच्या खिडकीशी पोचला आणि ते पान त्याने काचेला लावून धरले. आत पाहुणा फोनवर बोलत होता. त्याने एकदा पाहिले, असे मुलगा म्हणतो. काच मात्र खाली झाली नाही.

मी चिडलो तेव्हा शेजारी उभे असलेले एक पालक म्हणाले, ‘बिड्री सर, दोड्डवरु.’ सोडा हो सर, मोठी माणसे.

माझे भांडण या दोन शब्दांशी आहे. मोठी म्हणजे कशाने मोठी? आणि मोठेपणात समोरच्या लेकराकडे पाहण्याचे दहा सेकंद बसत नसतील, तर ते मोठेपण आपण कोणाच्या सांगण्यावरून मानायचे?

आपल्याकडे खेळाडू पाहण्याची रीत निराळी होती. जत्रेतल्या कुस्त्या माझ्या पिढीने पाहिल्या आहेत. जिंकलेला मल्ल अंगावरची माती न झटकता आखाड्याभोवती फिरायचा. लोक त्याच्या हातावर रुपया, दोन रुपये ठेवायचे, आणि तो प्रत्येकाला हात जोडायचा. देणाऱ्याचे तोंड त्याला दिसायचे. रात्री तो कुणाच्या तरी घरी जेवायचा आणि गल्लीतली पोरे दारात उभी राहून त्याच्या भाकऱ्या मोजायची. देशातले पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे हे बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. १९५९ साली किताब मिळवला आणि पुढे कोल्हापूरचे झाले. त्यांच्यासारख्या मल्लांना हे सीमेच्या दोन्ही बाजूंचे लोक आपापले मानत. हातावर रुपया ठेवणाऱ्याला मल्लाची मातृभाषा विचारावीशी वाटत नसे.

त्याहून मोठे उदाहरण खाशाबा जाधवांचे. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही वर्गणी काढली. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले तेव्हा कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ही मिरवणूक सगळ्यांना ठाऊक असते. त्यानंतर खाशाबांनी काय केले, ते कमी जणांना ठाऊक असते. त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले. (पुढे आपण खाशाबांना कसे विसरलो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.) चाहता म्हणजे आपला धनको, हे त्या माणसाला पक्के माहीत होते.

आजचा खेळाडू कोणाचे देणे लागतो? आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. हे पैसे शेवटी आपल्याच घरातून जातात. आपण वर्गणी भरतो, जाहिराती पाहतो, जाहिरातीतला साबण आणतो. पण हा पैसा इतक्या हातांमधून फिरून जातो की खेळाडूपर्यंत पोचताना त्यावर आपले तोंड उरत नाही. त्याला दिसते ती वाहिनी, कंपनी, संघाचा मालक. खिडकीशी उभा असलेला हमालाचा मुलगा त्याला अडथळा वाटतो. हा एकट्या खेळाडूच्या स्वभावाचा दोष नाही, व्यवहाराची मांडणीच अशी झाली आहे, हे मी मान्य करतो. पण मांडणीकडे बोट दाखवून माणुसकीतून सुटका करून घेता येत नाही. जगातला प्रत्येक उद्धट कारकून तेच करत असतो.

सगळेच असे नसतात. सचिन तेंडुलकरांनी सांगितलेली चेन्नईतली गोष्ट पाहा. ताज कोरोमंडल हॉटेलातला एक कर्मचारी त्यांच्या खोलीत कॉफी घेऊन आला आणि भीतभीत म्हणाला, तुम्ही कोपराला ते संरक्षक पट्टे बांधता तेव्हा तुमच्या बॅटचा झोका बदलतो. शतकांचे ढीग रचलेल्या फलंदाजाला हे एका हॉटेलच्या नोकराने सांगावे! तेंडुलकरांनी ते ऐकून घेतले, त्यात तथ्य आहे हे ओळखले आणि पट्ट्याची रचना बदलून घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी ही हकीकत जाहीरपणे सांगितली आणि त्या माणसाला शोधून द्या, अशी विनंती केली. तो सापडलाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये हेच तेंडुलकर काश्मीरच्या रस्त्यावर पोरांबरोबर खेळले, त्याची चित्रफीत घरोघर पोचली. तीही चांगलीच. पण मला चेन्नईची खोली अधिक मोलाची वाटते. तिथे कॅमेरा नव्हता, आणि चाहत्याला तिथे सही नको होती. त्याला काही सांगायचे होते.

दुसरे आपले राहुल द्रविड. ‘आपले’ हे मुद्दाम म्हणतो. जन्म इंदूरचा, वाढ बेंगळुरूची, घरात मराठी आणि रस्त्यावर कन्नड, म्हणजे आपल्या कुठल्याही घरातला मुलगा. नोव्हेंबर २०१७ मध्ये विज्ञान प्रदर्शनाच्या रांगेत ते मुलांना घेऊन उभे असल्याचे छायाचित्र गाजले. देशभर कौतुक झाले. मला मात्र लाज वाटली. माणूस रांगेत उभा राहिला, ही बातमी व्हावी? पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये बेंगळुरूच्या कनिंगहॅम रोडवर त्यांच्या गाडीला मालवाहू रिक्षाचा धक्का लागला. दोघांची भर रस्त्यात कन्नडमध्ये वादावादी झाली. कुणीतरी ती टिपली आणि देश हसला. मला त्या रिक्षावाल्याचे बरे वाटले. समोर कोण आहे हे पाहून त्याने आपली बाजू गिळली नाही. आमचे पालक असते तर तिथेही म्हणाले असते, बिड्री, दोड्डवरु.

आता आपल्याही पदरात माप घालू. जेवणाऱ्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून न विचारता फोटो काढणे, दवाखान्यात, अंत्ययात्रेत मोबाईल उगारणे, नकार मिळाला की ‘माजलाय’ म्हणून शिव्या देणे, हे आपणच करतो. खेळाडूला घरच्यांबरोबर डोसा खाण्याचा हक्क आहे, आणि हजार लोकांशी हजार वेळा गोड बोलणे कुणालाच जमत नाही. पूर्वी सही मागायची तर निदान वही पुढे करून दोन शब्द बोलावे लागत. आता त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि फोनकडे पाहायचे! आपण त्याला देव केले, दर्शनाची रांग लावली, आणि देव बोलत नाही म्हणून तक्रार करतो. कुणी बोलावे असे वाटत असेल, तर आधी त्याला देव्हाऱ्यातून खाली घ्यावे लागेल.

या दर्शनाचा शेवट कुठे होतो, ते ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूने पाहिले. अठरा हंगामांनंतर संघ जिंकला, सत्कार ठरला, चिन्नास्वामी मैदानाच्या दारांवर लोटलेल्या गर्दीत ११ माणसे चेंगरून मेली. बाहेर मृत्यू झालेले असताना आत समारंभ चालू होता. आतल्यांना कल्पना नव्हती, असे नंतर सांगितले गेले, आणि ते खरे मानले तरी मला तेच अधिक भयंकर वाटते. ज्यांच्यासाठी लोक आले, त्यांना लोक दिसतच नव्हते. त्या संध्याकाळी बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन लागत नव्हता. दोन तासांनी लागला. ‘सर, मी गेलोच नव्हतो, शिफ्ट होती,’ म्हणाला. होय, तोच. मनगटाचा प्रश्न विचारणारा.

मी त्याला त्या पानाबद्दल विचारले नाही. विचारायचे तोंड मला नव्हते, कारण दोनशे मुलांना उन्हात उभे करण्याचा हुकूम माझ्या सहीचा होता. काच खाली न करणाऱ्याचा राग मी इतकी वर्षे करत आलो, पण त्या पत्रावर सही करताना ‘पाहुणे मुलांशी बोलणार आहेत का’ एवढे विचारायची बुद्धी मला झाली नव्हती.

यंदा गणपती झाल्यावर तशाच एका समितीचे पत्र आले. पाहुणा निराळा, मजकूर तोच, फक्त दोनशेऐवजी तीनशे विद्यार्थी. मी लेखी उत्तर पाठवले : पाहुण्यांनी शाळेच्या पटांगणावर अर्धा तास यावे, मुलांबरोबर सतरंजीवर बसावे, किमान दहा प्रश्नांना उत्तरे द्यावीत. मराठी, कन्नड, हिंदी, कोणतीही भाषा चालेल, दुभाषे आमच्याकडे वर्गावर्गात आहेत. फोटो शेवटी आणि एकच, सर्वांचा मिळून. हे जमत नसेल तर मुले पाठवता येणार नाहीत, त्या दिवशी गणिताची चाचणी आहे.

संस्थेच्या चिटणीसांनी बोलावून घेतले आणि ‘सर, थोडे जुळवून घ्या’ म्हणाले. मी पत्राची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. समितीकडून अजून उत्तर नाही. चाचणीची प्रश्नपत्रिका तयार आहे.