‘आतां दांत कशाला?’

‘ह्या वयांत आतां दांत कशाला?’ हा प्रश्न आमच्या सुशिक्षित घरांतून इतक्या सहजपणें विचारला जातो, कीं त्यांतील निर्दयता विचारणाराच्या लक्षांतहि येत नाहीं. आजोबांच्या चष्म्याला ज्या घरांत कोणी चैन म्हणत नाहीं, त्याच घरांत त्यांची कवळी थट्टेचा विषय होते. डोळ्यांना भिंग ही गरज आणि तोंडाला दांत ही हौस, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला?

कोणी म्हणतील, ‘आमच्या आजीनें बोळक्या तोंडानेंच नव्वदी गांठली.’ गांठली खरी. पण तिचा विडा खलबत्त्यांत कुटून देण्यास एखादें नातवंड जवळ बसलेलें असे. उणीव ओळखून ती भरून काढण्याची रीत त्या घराला ठाऊक होती. आज खलबत्ताहि गेला आणि नातवंडाची सवडहि गेली. उरला आहे तो उपदेश : ‘मऊ भात खा.’ अशा माणसाच्या पानांतून भाकरी, उसळ, काकडी हीं एकेक नाहींशीं होतात, आणि शेवटीं तो पंक्तींतूनच उठतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ‘कवळी करून दिली, पण ती खणांतच पडून असते.’ ह्याचा दोष मीहि पूर्वीं म्हाताऱ्यांच्या हट्टाला देत असें. दोन वर्षांपूर्वीं माझेच दांत गेले आणि माझें मत बदललें. व्याकरणकारांनीं त, थ, द, ध यांना दंत्य उगीच म्हटलेलें नाहीं. वर्गांत ‘तत्त्व’ उच्चारतांना जिभेला टेकावयास जागा सांपडेना. कवळी बसल्यावर पहिले कांहीं दिवस तोंड लाळेनें भरे, ‘स’ची शीळ होई, हिरडीला एके ठिकाणीं व्रण पडला. डॉक्टरांनीं कवळीची ती कड घासून दिली. मी एकांतांत मोठ्यानें वाचूं लागलों, लहान घास दोन्ही बाजूंनीं चावूं लागलों. सहा आठवड्यांनीं जीभ वळणावर आली.

यांत हट्टाचा प्रश्न नाहीं, साधें शास्त्र आहे. वरची कवळी टाळूवर पसरते व लाळेच्या पातळ थरानें धरून राहते. खालचीला जागा थोडी आणि मध्यें जिभेची वर्दळ, म्हणून ती अस्थिर. दांत गेल्यावर जबड्याचें हाडहि झिजत जातें. यास्तव जुनी कवळी सैल झाली, तर तिला आंतून नवा थर द्यावयाचा असतो, खण दाखवावयाचा नसतो. १७८९ सालीं वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हां त्यांच्या तोंडांत स्वतःचा एकच दांत उरला होता. पाणघोड्याचे सुळे, माणसांचे दांत आणि शिसें यांच्या कवळ्यांनीं त्यांना आयुष्यभर छळलें. आजची कवळी हलक्या ॲक्रिलिकची असते.

साधन सुधारलें, सुधारावयाचें राहिलें तें घर. तान्ह्याचा पहिला दांत दिसतांच आपण तें चार घरीं सांगतों, त्याचे बोबडे बोल कौतुकानें ऐकतों. वृद्धाच्या सहा आठवड्यांच्या बोबडेपणाला मात्र हंसतों. कवळी खणांत जाते ती ह्या हंसण्यानें. ती पुन्हां तोंडांत यावयाची असेल, तर दंतवैद्याचें बिल चुकतें करणाऱ्या चिरंजीवांनीं जेवणाच्या पाटावर थोडा धीरहि धरावा. त्याला तर पैसेहि पडत नाहींत.