पलटणीच्या दारांतले बडवे

पंढरीच्या देवळांतील बडव्यांचे हक्क २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें संपले. विठोबा आणि वारकरी यांच्यामध्यें हात पसरून उभा राहणारा बाजूला झाला. आम्हां सत्यशोधकांस त्याचा आनंद झाला, कारण निर्मिक आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको, हेंच जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढून सांगितलें होतें. परंतु बडवेगिरी हा धंदा आहे, आणि धंदेवाला एका दारांतून हुसकला कीं दुसऱ्या दारांत जाऊन बसतो. आज तो पलटणीच्या दारांत बसला आहे. पूर्वीं त्याच्या हातांत पोथी असे, आतां गळ्यांत शिट्टी आहे. एवढाच काय तो फरक.

गेल्या सुगीनंतर एक शेतकरी गृहस्थ शाळा सुटल्यावर मजकडे आले. बरोबर त्यांचा मुलगा, माझाच जुना विद्यार्थी. "गुरुजी, एवढा कागद वाचून दाखवा," म्हणाले. कागद गहाणखताचा होता. दीड एकर जिराईत. कशापायीं? तर पोराच्या भरतीपायीं. अकादमीची फी भरून झाली होती, आतां "वरच्या साहेबाला" द्यावयाचे होते. साहेब कोण, तें अकादमीवाला सांगत नाहीं. पोराची दहावीची मूळ गुणपत्रिका मात्र त्याच्या कपाटांत कुलुपाखालीं. मीं पोराला विचारलें, "बाबा रे, तळावर गेल्यावर काय शिकवतात, तुला ठाऊक आहे का?" तो म्हणाला, "पळवतात." ज्या गोष्टीपायीं एका घराची दीड एकर जमीन जावयाची, त्या गोष्टीविषयीं त्या घराला असलेली माहिती एका शब्दाची होती! तो कागद सही न होतां परत गेला. पण सगळेच कागद मजकडे वाचावयास येत नाहींत, म्हणून हें लिहीत आहे.

प्रथम दलाल काय विकतो तें पाहूं. तो ओळख विकतो, आणि ओळखीचें तेथें कांहीं चालत नाहीं. २०२३ सालापासून आधीं संगणकावर लेखी परीक्षा, मग मैदान, मग वैद्यकीय तपासणी असा क्रम आहे. त्या सालीं परीक्षेचा खर्च पांचशें रुपये धरला. निम्मा लष्करानें सोसला, उमेदवारानें भरावयाचे अडीचशें. मैदानावर १.६ किलोमीटरची दौड साडेपांच मिनिटांत पुरी केली तर ६० गुण. आडव्या दांडीला लोंबकळून दहा वेळां हनुवटी वर नेली तर ४० गुण. नऊ फुटांचा चर उडी मारून ओलांडावयाचा, वांकड्यातिकड्या दांड्यावरून तोल सांभाळून जावयाचें. साध्या शिपायाची उंची आपल्या भागाकरितां १६८ सेंटीमीटर लागते, छाती ७७ असून श्वास भरल्यावर आणखी पांच सेंटीमीटर फुगावी लागते. सांगा, यांत साहेबाची ओळख कोठें घालावयाची? घड्याळ लांच खात नाहीं. दलालाची युक्ति मात्र सोपी आहे. दहा पोरांकडून पैसे घ्यावयाचे. आपल्या पायांनीं निवडून आलेल्या दोघांचे "माझ्यामुळें झालें" म्हणून ठेवून घ्यावयाचे, आणि आठांना "पुढच्या वेळीं पाहूं" म्हणून झुलवावयाचें.

यांचे सख्खे भाऊ म्हणजे मुहूर्त काढणारे. भरतीच्या तारखेला पत्रिका दाखवणें, नवस बोलणें, बोकड कापणें, ताईत बांधणें, सर्व चालू आहे. बंधूंनो, ताईत बांधल्यानें छाती पांच सेंटीमीटर फुगत नाहीं, आणि नवसानें तळपायाला कमान येत नाहीं. सपाट तळवा, आंत वळलेले गुडघे, रंग ओळखण्याचा दोष, कानाचा विकार यांवर मुलें परत येतात. हें दोन वर्षें फी भरल्यानंतर शेवटच्या दिवशीं कां कळावें? आधीं सरकारी दवाखान्यांत नेऊन डोळे, कान, पाय तपासून घ्या. आणि दम लागूं नये म्हणून पोराला सुई टोचून घ्यावयास सांगणारा जो कोणी असेल, त्याला गुरु म्हणूं नका. तो पोराचें काळीज जुगारावर लावणारा आहे.

आतां आंत काय आहे तें सांगतों, कारण बडव्याचें सारें बळ आपल्या अज्ञानांत आहे.

निवडलेला मुलगा त्याच्या पलटणीच्या तळावर जातो. मराठा पायदळाचा तळ बेळगांवीं, महार पलटणीचा मध्यप्रदेशांत सागर येथें, तोफखान्याचा नाशिकरोडला, रणगाड्यांचा अहिल्यानगरला, मुंबई सॅपर्सचा खडकीला. अग्निवीराचें शिक्षण ३१ आठवड्यांचें ठेवलें आहे. पहिले दहा आठवडे सर्वांना सारखे. पुढचे एकवीस आठवडे ज्याच्या त्याच्या कामाचे.

पहिल्या दिवशीं केंस उतरतात, कपडे मिळतात, खाट मिळते. राहणें, जेवण, गणवेश यांचा एक पैसाही घरून द्यावा लागत नाहीं. उजाडण्यापूर्वीं उठणें, रोज दाढी, बिछान्याची घडी, बुटाला पॉलिश, मग धांवणें व व्यायाम, मग कवायत. पुढें रायफल उघडणें, पुसणें, जोडणें, नेम धरणें. नकाशा वाचणें, जखम बांधणें, रानांत लपत सरपटत जाणें, पाठीवर बोजा घेऊन लांबची चाल. परीक्षा दोन मापांच्या असतात. एक हलक्या कपड्यांत २.४ किलोमीटरची दौड, दुसरी रायफल व सामान अंगावर घेऊन ५ किलोमीटरची. हुकूम हिंदींत. शिकविणारा हवालदार, त्याला उस्ताद म्हणतात. चुकलें कीं रगडा, म्हणजे जास्तीच्या उठाबशा, कोलांट्या, धांवणें. फोन मनाला येईल तेव्हां हातांत येत नाहीं. अखेरीस राष्ट्रध्वजासमोर शपथ, आणि आईबापांस बोलावणें.

शेतकऱ्याच्या पोराला यांतलें काय जड जातें? श्रम जड जात नाहींत. जो मोट्याभर कडबा डोक्यावर वाहतो, तो बोज्याला भीत नाहीं. त्याला जड जातें घड्याळ. शेतांत दिवस सूर्यावर चालतो, तेथें मिनिटावर चालतो. जड जाते हिंदी, कारण हुकूम कळला नाहीं तर न कळण्याचीच शिक्षा होते. जड जातें पहिल्या पंधरा दिवसांतलें एकटेपण. रात्रीं दिवा मालवल्यावर रडणारीं पोरें तेथें पुष्कळ असतात. त्यांत लाज नाहीं, महिन्याभरांत तें ओसरतें. आणि जड जातें नडगीचें हाड. ज्यानें सहा महिने थोडें थोडें पळून पाय तयार केले नाहींत, त्याच्या नडगीला एकदम फार धांवण्यानें बारीक चीर जाते. ती लपवूं नका. दुखतें हें उस्तादाला पहिल्याच दिवशीं सांगणारा मागें पडतो आठवडाभर. लपविणारा कित्येक महिने.

एक गोष्ट कायद्याची. रगडा शिस्तीचा भाग असेल, पण हाताखालच्या माणसाला मारहाण करणें वा छळणें हा सैन्य कायदा १९५० च्या कलम ४७ प्रमाणें गुन्हा आहे, मग करणारा कितीही वरचा असो. हें पोराला ठाऊक असूं द्या. शिस्त पाळणें वेगळें आणि गुलामी सोसणें वेगळें, हें आमच्या चळवळीनें शिकविलेलें आहे.

कारागीर बंधूंस एक वेगळा इशारा. भरतींत ट्रेड्समन म्हणून वर्ग आहे. त्यांत धोबी, न्हावी, स्वयंपाकी, शिंपी हीं कामें येतात. दलाल नाव्ह्याच्या पोराला सांगतो, "तुझें तर ठरलेलेंच आहे, वस्तरा धर." काम कोणतेंच हलकें नाहीं, पण पूर्वजांनीं ज्या खुंट्याला बांधून घेतलें तोच खुंटा लष्करांतही शोधावयाचा कां? बारावीला शास्त्र विषय घेऊन सरासरी ५० टक्के आणि प्रत्येक विषयांत ४० मिळविणाऱ्यास तांत्रिक जागा मागतां येते. बारावीला सरासरी ६० आणि प्रत्येक विषयांत ५० मिळविले, त्यांत इंग्रजी आणि गणित किंवा हिशेब धरून, तर कारकुनाची जागा मागतां येते. म्हणून अकादमीपायीं पोराची शाळा सोडवूं नका. गणिताची वही हीही मैदानच आहे.

पलटणीचें दार आम्हांला नवें नाहीं. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवानें पहिल्या महायुद्धांत ४६ माणसें गमावलीं. त्याचें नांवच अपशिंगे मिलिटरी पडलें. पण हें दार उघडणाऱ्याच्या सोयीनें उघडतें, हेंही आम्ही पाहिलें आहे. इंग्रजांनीं महारांची भरती १८९० नंतरच्या वर्षांत बंद केली. गोपाळबुवा वलंगकरांनीं, मागून शिवराम जानबा कांबळे यांनीं अर्ज केले. १९१७ सालीं युद्धाची निकड लागली तेव्हां १११ वी महार पलटण उभी केली, १९२१ सालीं मोडली. पुन्हा निकड लागली तेव्हां १९४१ सालीं बेळगांवास महार रेजिमेंट उभें राहिलें. मधल्या काळांत उरलें काय? अक्षर उरलें. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेंत शिक्षक होते, आणि त्यांच्या घरांत वाढलेल्या पोरानें पुढें या देशाची घटना लिहिली. पलटणीनें दिलेली बंदूक पलटण परत घेते. तिनें दिलेली विद्या परत घेतां येत नाहीं.

हें आज विशेष ध्यानांत धरावें लागतें, कारण १४ जून २०२२ रोजीं जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनें नोकरी चार वर्षांची केली. पहिल्या वर्षीं महिना ३०,०००, चवथ्या वर्षीं ४०,०००. त्यांतून दरमहा ३० टक्के सेवानिधींत कापून जातात, म्हणजे पहिल्या वर्षीं हातीं २१,०००. सरकार तितकीच भर घालतें, आणि चार वर्षांच्या अखेरीस व्याजासह सुमारें ११ लाख ७१ हजार मिळावयाचे. ४८ लाखांचा विमा सरकारच्या खर्चानें. पण त्या नियमाप्रमाणें पेन्शन नाहीं, ग्रॅच्युइटी नाहीं, माजी सैनिकाचा दर्जा नाहीं. वर्षाची रजा ३० दिवस. शंभरांतून फार तर पंचवीस पुढें कायम व्हावयाचे. २०२२ अखेर भरती झालेल्या पहिल्या तुकडीचीं चार वर्षें २०२६ अखेर भरतात. म्हणजे चारांतले तीन जण ऐन उमेदींत घरीं येणार, आणि वेशींत त्यांची वाट पाहणारे कोण असणार? सोयरीक घेऊन येणारे, बंगल्याचा नकाशा घेऊन येणारे, आणि दामदुप्पट करून देतों म्हणणारे. तेही बडवेच!

मी भरतीच्या विरुद्ध नाहीं. ज्याच्या अंगांत रग आणि मनांत ओढ आहे त्यानें जरूर जावें, मान वर करून जावें. पण जमीन गहाण टाकून जावयाची ही जागा नव्हे. जें दार फुकट उघडतें त्याची किल्ली विकत घेणारा आपणच दलालाला पोसतो.

तेव्हां आईबापांनो, एवढें करा. भरतीच्या नांवानें कोणाला लांच देऊं नका. मूळ दाखला कोणाच्या कपाटांत ठेवूं नका. तो ठेवून घेणारा शिक्षक नव्हे, सावकार आहे. जाणाऱ्या पोराला सांगा कीं चार वर्षांत बारावीचा दाखला, जमल्यास पदवी, आणि एक तरी कसब हातीं घेऊन ये. सेवानिधीचा पैसा लग्नाच्या मांडवांत जाळूं नका. आणि माजी सैनिक बंधूंनो, गांवोगांव तुम्ही आहां. पहांटेचा एक तास गांवच्या गायरानावर पोरांना फुकट पळवा, आणि आंतली खरी हकीकत सांगा. गणित, हिंदी आम्ही शाळामास्तर रात्रीं शिकवूं. ज्या गांवांत हें दोन माणसांनीं केलें, त्या गांवांत शिट्टीवाल्याचें दुकान आपोआप बंद पडेल.

दीड एकरवाल्या गृहस्थांचा पोरगा सध्यां पहांटे माळावर पळतो आणि रात्रीं माझ्या पडवींत गणितें सोडवितो. तो निवडून येईल, न येईल. पण आला नाहीं, तरी परतून यावयास त्याच्या बापाचें शेत बापाच्या नांवावर आहे.

— एक गांवठी शाळामास्तर