पेण-रोह्याच्या आभाळाला किती सेकंद?

दिवाळीनंतर आभाळ स्वच्छ झालं की पेण-रोह्यातली बरीच पोरं नवा कॅमेरा घेऊन गच्चीवर चढतात. शटर तीस सेकंद उघडं ठेवायचं, एवढं कुठून तरी ऐकलेलं असतं. फोटोत मात्र आभाळ ताकासारखं पांढुरकं आणि प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट येतो. मग कॅमेऱ्याला नावं ठेवली जातात आणि तो कपाटात जातो. खरं तर चुकलेले असतात ते सेकंद.

पृथ्वी फिरते म्हणून पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढं अंतर तारे दोन मिनिटांत सरकतात. ट्रायपॉड कितीही घट्ट असला तरी हे थांबत नाही. म्हणून तारे लांबट होण्याआधी किती सेकंद मिळतात ते काढावं लागतं. ५०० ला लेन्सच्या फोकल लेंथने भागायचं, हा जुना हिशेब फिल्मच्या काळचा. आजच्या सेन्सरचे ठिपके फार बारीक आहेत, म्हणून ३०० धरा. बहुतेकांच्या कॅमेऱ्यात सेन्सर लहान असतो; तिथे फोकल लेंथला आधी साधारण दीडने गुणा. किट लेन्स १८ मिलिमीटरवर असेल तर ११ सेकंद मिळतात. तीच झूम करून ५५ वर नेली की जेमतेम साडेतीन. मृगाचा बाण खगोलीय विषुववृत्तावर आहे, तिथे ही मर्यादा काटेकोर पाळा. ध्रुव आपल्याकडे उत्तर क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंशांवर. त्याच्या आसपास थोडे जास्त सेकंद खपतात.

दुसरी मर्यादा उजेडाची. पेणच्या आभाळावर डोलवी-वडखळच्या दिव्यांची झाक असते, रोह्यात धाटावच्या कारखान्यांची. म्हणून एक फोटो काढून कॅमेऱ्यावर त्याचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा. त्याचा उंचवटा डाव्या कडेपासून पाव ते एक तृतीयांश अंतरावर असेल तर ठीक. डाव्या कडेला चिकटला असेल तर आयएसओ वाढवा, मध्याच्या पुढे गेला असेल तर कमी करा. घोसाळगडाच्या बाजूला काळोखात गेलात तर हिस्टोग्राम पुन्हा बघा. गच्चीवरचा आयएसओचा आकडा तिथे चालणार नाही.

अकरा सेकंदांत काय मिळणार, असं वाटेल. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात रंगाचा एकच जाड थर कुणी देत नाही, पातळ हात एकावर एक चढवतात. इथेही तसंच करा. रॉ फॉरमॅटमध्ये ३६ फोटो सलग काढा आणि संगणकावर एकमेकांवर बसवा. फोटोतली खरखर (नॉइज) सहा पटींनी कमी होते. त्यासाठी लागणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. फोटो काढताना ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो.

फोकस हातानेच करा, व्याधासारखा ठळक तारा पडद्यावर मोठा करून. आपल्या कोकणातल्या दमट रात्री लेन्सवर दव धरतं, म्हणून दर दहा मिनिटांनी टॉर्च मारून काच बघा. मी हे विसरून अख्ख्या रात्रीचे फोटो घालवले आहेत.

आकाशगंगेचा दाट मध्य वृश्चिक-धनूकडे आहे. पावसाळ्यात ढग तो आपल्याला दिसू देत नाहीत, म्हणून त्यासाठी मार्च-एप्रिलच्या पहाटे राखून ठेवा. हिवाळ्यात मृग आणि कृत्तिका आहेतच. येत्या अमावस्येला कपाटातला कॅमेरा काढा, ११ सेकंदांपासून सुरुवात करा, आणि पहिला फोटो मोठा करून कोपऱ्यातले तारे गोल आलेत का तेवढं बघा.