काळोखाचे खापर पावसाच्या माथी

मृगाचे नक्षत्र अद्याप लागावयाचे असते. मे महिन्याच्या अखेरीस एखाद्या सायंकाळी सह्याद्रीच्या बाजूने ढग येतात, वारा सुटतो, चार थेंब पडतात आणि अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत कितीतरी गावांतली वीज जाते. तासाभराने आभाळ निवळते, चांदणे पडते. दिवे मात्र लागत नाहीत. चौकशी केली असता 'पावसामुळे बिघाड' असे उत्तर मिळते व ते ऐकून माणसे निमूटपणे कंदील पुसावयास घेतात. वर्षानुवर्षे चाललेल्या या प्रकाराची कोकणवासीयांना आता इतकी सवय झाली आहे, की त्यात काही गैर आहे असे वाटेनासे झाले आहे. वस्तुतः पाऊस हे या बिघाडाचे निमित्त असते. कारण पुष्कळदा निराळेच असते.

ते कारण गूढ नाही. खांबावरील तार ज्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसविलेली असते, ते उन्हाळाभर तापतात. काहींना बारीक तडे जातात. त्यांच्यावर धूळ साचते आणि समुद्रकाठी खाऱ्या वाऱ्याने आणलेले मीठही बसते. कोरडे असेतोवर हे मीठ निरुपद्रवी असते. ओले झाले की मात्र कालपर्यंत विजेला अडविणारा इन्सुलेटरच तिला खांबावाटे जमिनीत उतरावयास वाट करून देतो. जोराचा पाऊस हे मीठ धुऊन तरी टाकतो. घातक ठरते ती पहिली भुरभुर. उपकेंद्रातील यंत्रणा बिघाड ओळखते आणि अपघात टळावा म्हणून सबंध वाहिनी बंद करते. त्यानंतर तो एक फुटका इन्सुलेटर शोधण्यासाठी वायरमनला विजेरी घेऊन, आंब्याकाजूच्या बागांतून आणि ओढ्यावहाळांतून, खांबामागून खांब तपासत हिंडावे लागते. वाहिनी लांब, माणसे मोजकी आणि त्यांतली कित्येक कंत्राटी. मग रात्र उलटली तर नवल ते काय?

ही मीमांसा कोणा टीकाकाराची नव्हे. वीज कंपनी स्वतःच ती दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर लोकांपुढे ठेवीत असते. परंतु जी गोष्ट ठरल्या महिन्यात, ठरल्या कारणाने घडणार हे आधीपासून ठाऊक असते, तिला आपत्ती म्हणावे काय? तडकलेले इन्सुलेटर एप्रिलमध्ये बदलता येतात, तारेवर झुकलेली फांदी मेमध्ये तोडता येते. हे होत नाही असे नाही. पावसाळापूर्व देखभालीसाठी दिवसदिवस वीज बंद ठेवली जाते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. मात्र त्या दिवसांत किती खांब तपासले, किती इन्सुलेटर बदलले आणि किती राहिले, याचा हिशेब ज्यांनी तो दिवस पंख्यावाचून काढला त्यांना कोणी देत नाही.

चक्रीवादळाची गोष्ट निराळी, हे मान्य केलेच पाहिजे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत नारळीपोफळीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. पुढील वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले आणि सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांची तशीच दैना करून गेले. अशा वेळी बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या कामगारांनी भर पावसात, चिखलात जे काम केले, त्याचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु 'निसर्ग'नंतर अनेक गावांनी काही आठवडे विजेवाचून काढले. त्या आठवड्यांत काय काय बंद पडले, हे आठवणे उपयोगाचे आहे. पूर्वी वीज गेली म्हणजे दिवा गेला, एवढेच असे. आज गावाची नळपाणी योजना पंपावर चालते, तेव्हा विजेबरोबर पाणी जाते. मोबाईलच्या मनोऱ्याची बॅटरी उतरली आणि डिझेल पोहोचले नाही, की मुंबईत असलेल्या मुलाला आईबाप सुखरूप आहेत किंवा नाहीत हेही कळत नाही. मासेमाराचे बर्फ जाते, दवाखान्यातील शीतपेटी जाते. त्याच जूनमध्ये, साथीमुळे शाळांचे वर्ग मोबाईलवर भरविण्यास आरंभ झाला होता. ज्या गावात मोबाईल भारित करावयासही वीज नव्हती, तेथील विद्यार्थ्याचे ते वर्ष कसे सुरू झाले असेल, हे शिक्षकांना सांगावयास नको.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००३ च्या विद्युत कायद्याच्या ५७ व्या कलमान्वये, सेवेची ठरवून दिलेली मानके न पाळणाऱ्या वितरण कंपनीने ग्राहकास भरपाई देणे बंधनकारक आहे. केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनी चोवीस तास विजेचे तत्त्व मान्य केले व काही बाबतींत भरपाई आपोआप मिळावी असेही म्हटले. तथापि चक्रीवादळ, पूर, वीज कोसळणे, भूकंप अशा अनिवार्य घटनांतून कंपनीला सूट आहे. तीही रास्तच आहे. वादळाचा दंड कंपनीने का भरावा? अडचण आहे ती या सुटीच्या वापराची. बिघाड वादळाने झाला की चार वर्षे न बदललेल्या इन्सुलेटरने, हे ठरवावयाचे कोणी? त्याची नोंद कंपनीच्या वहीत, कंपनीच्याच माणसाच्या हातची. ग्राहकाच्या हाती पुरावा एकच, तो म्हणजे काळोख.

मोजमापाचीही तीच तऱ्हा. वीज वर्षात किती वेळा गेली आणि एकूण किती वेळ गेली, हे सांगणारे 'सैफी' व 'सैडी' असे दोन निर्देशांक आहेत. ते प्रामुख्याने उच्चदाबाच्या फीडरवरील नोंदींवरून काढले जातात. फांदी पडून आपल्या वाडीची लघुदाबाची तार तुटली आणि वाडी तीन रात्री अंधारात राहिली, तरी फीडर चालूच असतो. वाडीचा तो अंधार निर्देशांकात दिसत नाही. कारकुनी पेशातील वाचकांना हे चटकन उमजेल : जे रकान्यात नाही, ते घडलेच नाही.

यावर भूमिगत तारांचा उपाय सुचविला जातो व तो खराही आहे. ऑक्टोबर २०१४ च्या 'हुडहुड' वादळानंतर विशाखापट्टणम शहरात जागतिक बँकेच्या साहाय्याने तारा जमिनीखाली घेण्याचे काम झाले. चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाखाली आपल्याकडे अलिबाग व रत्नागिरी येथे तशीच योजना आली. परंतु या तारांना खर्च कैक पट येतो. बिघाड झाल्यास तो शोधणेही सोपे नसते. जांभा दगडाच्या डोंगरावर चार घरांच्या वाडीपर्यंत चर खणला जाईल, ही आशा व्यर्थ आहे. शहरांच्या तारा जमिनीखाली जातील आणि खेडी खांबांवरच राहतील, हे गृहीत धरूनच विचार केला पाहिजे. म्हणजे प्रश्न फिरून देखभालीपाशी येतो. इन्सुलेटर, गंजलेला खांब, कोयता आणि कोयता चालविणारा माणूस, ही काही कोट्यवधींची कामे नव्हेत. उद्घाटनाची फीत मात्र त्यांना लावता येत नाही, ही त्यांची खरी अडचण असावी. तारेवर आलेली हापूसची फांदी तोडू न देणारे बागायतदारही आपल्यातच आहेत, हे येथे सांगून ठेवलेले बरे.

तूर्त फार मोठ्या सुधारणेची अपेक्षा नाही. पावसाळापूर्व तपासणीचा अहवाल, फीडरवार, दरवर्षी मेअखेरपर्यंत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. प्रत्येक खंडाचे कारण नोंदताना 'पाऊस' हा शब्द पुरेसा मानू नये. काय तुटले आणि ते शेवटचे कधी तपासले होते, हे लिहावे. लघुदाबावरील बिघाडही रोहित्रवार मोजले जावेत. आणि वादळानंतर वीज जोडण्याचा क्रम आधीच ठरलेला व जाहीर असावा : प्रथम दवाखाना, पाण्याचा पंप, मोबाईलचा मनोरा, मग बाकीचे. वाडीला आपला क्रमांक बारावा आहे हे ठाऊक असेल, तर ती बारा दिवसांचे पाणी भरून ठेवील.