मुरगळलेला घोटा कागदावर आणा

पायाचे दुखणे ही आपल्याकडे तक्रार धरलीच जात नाही. की-मनला खांद्यावर हत्यारे घेऊन रोज सेक्शन चालायचा आहे, पोस्टमनला बीटवरचे जिने चढायचेच आहेत. पाय दुखला तर "वय झालं" म्हणायचे आणि मेडिकलच्या दुकानातून गोळी आणायची. पन्नाशीतले कितीतरी ट्रॅकमन सकाळची पहिली पावले भिंत धरून टाकतात, हे आम्ही पाहतो. साहेबांच्या कानावर मात्र ते कधी गेलेले नसते.

घोट्याचा संधिवात गुडघ्यासारखा नाही. गुडघा बहुधा वयाने व वजनाने झिजतो. घोटा बहुतेक वेळा जुन्या दुखापतीने जातो. कधी हाड मोडलेले असते, कधी तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळलेला असतो. आणि आपण चालतो कशावर? टोकदार खडीवर. कसारा-इगतपुरी घाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ, पावसाळ्यात रात्रीची गस्त, हातात दिवा. तिथे ज्याचा पाय कधी मुरगळला नाही असा गडी आम्हाला तरी भेटलेला नाही. सूज उतरली की तो कामावर हजर! पुढे वर्षांनी सांध्यातील कूर्चा झिजते, घोटा आखडतो, आणि मग प्रशासन दुखापतीचा कागद मागते. तो कुठून आणणार?

म्हणून मुरगळणे हीसुद्धा ड्यूटीवरील दुखापत समजून त्याच दिवशी लेखी कळवा, पोच घ्या, आपल्या डॉक्टरांच्या कागदावर नोंद करवून घ्या. मेटने "जाऊ दे रे" म्हटले तरी.

पायाचे प्रत्येक दुखणे मात्र खडीचे नसते. रात्रीतून अंगठ्याचा सांधा लाल होऊन चादरही सोसवत नसेल, तर युरिक अॅसिडचा वातरक्त असू शकतो. दोन्ही पायांचे लहान सांधे सुजून सकाळी तास-तास आखडलेले राहत असतील, तर आमवाताची शंका घ्यावी. त्याचे औषध लवकर सुरू झाले तर सांधे वाचतात. गोळी विचारून घ्या. महिनोन् महिने वेदनाशामक खाल्ल्याने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. पाय वाचवताना किडनी गमावणे हा कुठला हिशोब?

आता खरी भीती. तपासणीत दुखणे सांगितले तर अनफिट ठरवतील, पगार जाईल, म्हणून माणूस लंगडणे लपवतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० सांगते की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जाही घटवता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवता येते. १९९५ च्या कायद्यातही हे संरक्षण होते. तरीही "हलके काम" मेहेरबानी म्हणून दिले जाते, याची आम्हाला चीड आहे. ग्रामीण डाकसेवकांना नियमित कर्मचाऱ्याचा दर्जाच नसल्याने त्यांचा प्रश्न अधिक बिकट आहे. त्यावर स्वतंत्रपणे लिहू.

बुटांचेही तसेच. घोटा धरून ठेवणारा, मापाचा बूट हवा. नऊ नंबरच्या पायाला आठ नंबरचा बूट देऊन सही घेतली जात असेल, तर सही करू नका; माप लिहून शाखा सचिवाकडे द्या.